वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयातील संगणक कोणाच्या जबाबदारीवर चालतो?

गेल्या अंकात या सदरासाठी महाविद्यालये व विद्यापीठांतील माहिती तंत्रज्ञानाच्या वापराविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत प्राचार्य, प्राध्यापक, ग्रंथपाल, कार्यालयीन अधीक्षक आणि विद्यार्थी असे सगळेच आहेत. बहुतेकांचा रोख ‘काय घ्यावे’ याकडे आहे. माझी उत्तरे मात्र ‘घेतल्यानंतर ते कोण सांभाळणार’ या प्रश्नाकडे पुनःपुन्हा वळतील. प्रणाली बंद पडण्याची जी कारणे मी आजवर पाहत आलो, त्यांत यंत्र निकृष्ट असणे क्वचित आढळले आणि यंत्राला वाली नसणे वारंवार आढळले. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : आमचे अनुदानित महाविद्यालय मराठवाड्यात तालुक्याच्या गावी आहे. ‘नॅक’चे, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेचे, पुढील मूल्यांकन जवळ आले आहे. प्रवेश, शुल्क, हजेरी, अंतर्गत गुण, ग्रंथालय आणि वेतन हे सारे एकाच प्रणालीतून चालवून देऊ, असा एका कंपनीचा प्रस्ताव आहे आणि संस्थेचे पदाधिकारी त्याला अनुकूल आहेत. होकार देण्यापूर्वी मी काय तपासावे? — एक प्राचार्य

उत्तर : प्रस्ताव बाजूला ठेवून आधी कार्यालयात बसावे आणि एका विद्यार्थ्याची तीच ती माहिती वर्षभरात किती ठिकाणी लिहिली जाते, हे कागदावर मांडावे. प्रवेश अर्ज, जनरल रजिस्टर, विद्यापीठाची प्रणाली आणि तिच्यातला कायम नोंदणी क्रमांक म्हणजे आपला ‘पीआरएन’, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवणाऱ्या श्रेयांक पेढीचे खाते, केंद्र शासनाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाची वार्षिक माहिती, अशी ही यादी लांबत जाते. यांतील बऱ्याच प्रणाली निवडणे आपल्या हाती नाही. त्या विद्यापीठाने किंवा शासनाने ठरवलेल्या आहेत. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठे अलीकडे ‘समर्थ’ या केंद्रीय प्रणालीकडे वळली आहेत, त्यापूर्वी ‘एमकेसीएल’ने उभारलेली डिजिटल युनिव्हर्सिटीची चौकट अनेक ठिकाणी होती, आणि पुढेही बदल होत राहतील. आपण घेतलेली नवी प्रणाली या ठिकाणी लागणारी माहिती त्या त्या साच्यात काढून देऊ शकत नसेल, तर लिपिकाच्या वाट्याला तेच नाव आणखी एकदा टंकण्याचे काम येईल, एवढाच फरक पडेल. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि उत्तर तोंडी न घेता गेल्या वर्षीच्या प्रथम वर्षाच्या आपल्याच एका तुकडीच्या माहितीवर ते करून दाखवण्यास सांगावे. कंपनीच्या नमुना माहितीवर सर्व काही सुरळीतच चालते. आपल्याकडच्या यादीत वडिलांचे नाव कुठे आडनावासह असते, कुठे नसते, जातीच्या दाखल्यावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही, आणि प्रणालीची खरी परीक्षा तिथे होते.

सगळे काही एकाच वेळी सुरू करण्याच्या मोहाविषयी मला अधिक काळजी वाटते. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. अभियांत्रिकी शाखेत ही पद्धत आधीपासून वापरात होती, त्यामुळे कल्पना अपरिचित किंवा अव्यवहार्य नव्हती. परंतु परीक्षा सुरू झाल्यानंतर कंत्राटाचे काम मार्गी लागले, सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांचे स्कॅनिंग अल्पावधीत उरकायचे होते, आणि आयुष्यभर लाल शाईने तपासणी केलेल्या हजारो शिक्षकांना सरावासाठी पुरेसा वेळच मिळाला नाही. कुलपतींनी निकालांसाठी ३१ जुलै ही मुदत घातली, तीही उलटली. पुढच्या प्रवेशांच्या तारखा निघून चालल्या असताना विद्यार्थी निकालाची वाट पाहत राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या प्रकरणाचा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणे मला पटत नाही. एका शाखेत रुळलेली पद्धत दुसऱ्या वर्षी आणखी एका शाखेत, तिसऱ्या वर्षी पुढच्या शाखेत नेली असती, आणि प्रत्येक वेळी जुन्या पद्धतीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवली असती, तर विद्यार्थ्यांवर ती वेळ आली नसती असे माझे ठाम मत आहे.

आपल्या महाविद्यालयासाठी याचा अर्थ असा, की यंदा फक्त शुल्काची पावती आणि प्रवेश या दोनच गोष्टी घ्याव्यात. एक सत्र जुनी वही आणि नवी प्रणाली समांतर चालवावी, आणि जुनी वही कोणत्या तारखेला बंद होणार, हेही त्याच कार्यालयीन आदेशात लिहावे. ती तारीख लिहिलेली नसेल तर वही कधीच बंद होत नाही आणि कर्मचारी कायम दुप्पट काम करत राहतात. करारात तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात : माहितीची मालकी महाविद्यालयाची आहे, करार संपल्यावर सर्व माहिती कोणत्याही जादा शुल्काविना सर्वसामान्य साच्यात परत मिळेल, आणि प्रवेशाच्या आठवड्यात तक्रार आल्यास किती तासांत माणूस उपलब्ध होईल.

माणसाचा प्रश्न यापेक्षाही कठीण आहे. अनुदानित महाविद्यालयांच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, संगणकप्रणाली सांभाळणाऱ्याचे स्वतंत्र पद सहसा नसते, म्हणून ते काम संगणकशास्त्राच्या सर्वांत कनिष्ठ, बहुधा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या गळ्यात पडते, आणि मार्चमध्ये त्याची नेमणूक संपली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते. तिच्यासमोर अर्थसंकल्प मांडताना प्रणालीच्या किमतीशेजारी ती सांभाळणाऱ्याच्या वेतनाची ओळ असलीच पाहिजे. पूर्णवेळ पद परवडत नसेल तर कायम सेवेतील एखाद्या प्रयोगशाळा साहाय्यकाची इतर कामे लेखी आदेशाने कमी करून हे काम त्याच्याकडे द्यावे. ‘नॅक’पुरते सांगायचे, तर मूल्यांकनात मागील वर्षांची माहिती पुराव्यानिशी मागितली जाते, त्यामुळे मूल्यांकनाच्या तोंडावर घेतलेल्या प्रणालीत दाखवण्यासारखे काही नसते. निव्वळ त्यासाठी घाई करू नये.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी सर्व वर्गांत स्मार्ट बोर्ड बसवले. आज त्यांतील बहुतेकांवर फक्त पीपीटी दाखवली जाते, काही तर झाकलेले आहेत. वरिष्ठ प्राध्यापक नव्या गोष्टींना विरोध करतात, असे व्यवस्थापन म्हणते. ते खरे आहे का? — एक साहाय्यक प्राध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : विरोध हा शब्द मी वापरणार नाही. पन्नास मिनिटांच्या तासाला जोडणी लागण्यात दहा मिनिटे गेली आणि साठ मुले समोर बसून राहिली, हा अनुभव दोनदा आला की कोणताही जबाबदार शिक्षक तिसऱ्या वेळी खडू हातात घेतो. त्याने विद्यार्थ्यांचा वेळ वाचवलेला असतो. म्हणून पहिला उपाय प्रशिक्षणाचा नसून विश्वासाचा आहे : बोर्ड बंद पडला तर पाच मिनिटांत वर्गात येणारा माणूस ठरलेला असावा आणि त्याचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या दारामागे लावलेला असावा.

प्रशिक्षणाविषयी मात्र मला बरेच सांगायचे आहे. विक्रेत्याचा माणूस येतो, सभागृहात सर्वांना एकत्र बसवून दोन तास सगळी बटणे दाखवतो आणि निघून जातो. आठवड्यानंतर त्यातले काही आठवत नाही. याउलट आयआयटी मुंबईने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी देशभरची दूरस्थ केंद्रे जोडून ज्या कार्यशाळा घेतल्या, त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या उपक्रमात आधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला स्वतंत्रपणे तयार केले जाई आणि मग मुख्य कार्यशाळा होई, त्यामुळे पडद्यावरचे व्याख्यान संपल्यानंतर शंका विचारायला शेजारी एक जाणता माणूस उरत असे. आपल्या महाविद्यालयातही प्रत्येक विभागातून एक शिक्षक असा तयार करावा. तो संगणकशास्त्राचाच असावा असे नाही. मराठीच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाने स्वतःच्या विषयात काय केले हे सहकाऱ्यांना दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. भूगोलाचा शिक्षक उपग्रहाची दहा वर्षांपूर्वीची आणि आजची छायाचित्रे शेजारी ठेवून किनाऱ्याची धूप दाखवू लागला की बोर्डाचा उपयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्वयंअध्ययनासाठी आयआयटी मुंबईचाच ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प आहे. त्यातील मुक्त संगणकप्रणालींचे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात, आणि ते पाहत पाहत स्वतः करून बघावेत अशीच त्यांची योजना आहे.

एक मागणी आपण सर्वांनी मिळून व्यवस्थापनाकडे करावी. नवे अध्ययन साहित्य तयार करण्यात जाणारा वेळ कार्यभारात धरला जावा. एका तासाचे चांगले ध्वनिचित्र किंवा प्रश्नसंच तयार करायला अनेक तास लागतात, आणि ते सारे शिक्षकाच्या घरच्या वेळेतून काढावे अशी अपेक्षा ठेवून कोणताही उपक्रम टिकत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेने प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना टॅब देण्याचे ठरवले आहे. स्वस्त दरात मोठी खरेदी होत आहे. काही सूचना? — एक संस्था पदाधिकारी

उत्तर : दराकडे पाहण्याआधी ‘आकाश’ टॅबचा इतिहास आठवावा. केंद्र शासनाने ५ ऑक्टोबर २०११ रोजी तो मोठ्या अपेक्षेने जाहीर केला. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि बोट दाबून धरावे लागणारा पडदा अशा साधनावर विद्यार्थी फार काळ रमले नाहीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहभागाने सुधारित आवृत्ती आली, ती बरीच सरस होती, पण तोवर बाजारातल्या साध्या फोननेही तिला गाठले होते. आज आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे फोन आहे. तेव्हा आधी वर्गनिहाय साधी पाहणी करावी : कोणाकडे स्वतःचा फोन आहे, कोणाचा घरात सामायिक आहे, कोणाकडे नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनाच ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे सत्रभरासाठी टॅब द्यावा, आणि उरलेल्या रकमेतून संगणक कक्ष संध्याकाळी आठपर्यंत उघडा ठेवावा. प्रकल्प लिहिणे, तक्ते करणे, प्रोग्रॅम लिहिणे ही कामे टॅबवर होत नाहीत. त्यांना कळफलक लागतो.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात चाळीस हजारांवर ग्रंथ असून त्यांत मराठी अधिक आहेत. संगणकीय नोंदी जुन्या प्रणालीत आहेत, पण मराठी पुस्तके शोधल्यास सापडत नाहीत. ‘सोल’ घ्यावे की ‘कोहा’? शिवाय ऑनलाइन नियतकालिके पुरवणाऱ्या ‘एन-लिस्ट’चे वर्षाचे शुल्क भरतो, तरी विद्यार्थी ते वापरत नाहीत. — एक ग्रंथपाल, विदर्भ

उत्तर : आपल्या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण मराठी नोंदींचा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. ‘सोल’ ही विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राची प्रणाली आहे; ‘कोहा’ न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली मुक्त प्रणाली आहे. दोन्ही युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरलेले संकेत देणारी जागतिक पद्धत, मानतात, दोन्हींना ‘मार्क’ हा आंतरराष्ट्रीय नोंदसाचा समजतो, म्हणजे आज एकीत भरलेली माहिती उद्या दुसरीत नेता येते. ‘कोहा’साठी परवाना शुल्क नाही, मात्र लिनक्सचा सर्व्हर सांभाळणारे कोणीतरी हवे, ते नसेल आणि जवळपासच्या महाविद्यालयांत ‘सोल’ असेल, तर ‘सोल’ घ्यावे, अडचणीला शेजारचा ग्रंथपाल धावून येतो.

परंतु पुस्तके सापडत नाहीत याचे कारण प्रणालीत नसून नोंदींच्या अक्षरांत असण्याची शक्यता फार मोठी आहे. जुन्या काळी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकात प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या रूपात साठवला जात असे आणि त्या विशिष्ट फॉन्टमुळे डोळ्यांना मराठी दिसत असे. फॉन्ट बदलला की त्याचा अर्थच उरत नाही, मग शोध लागणार कसा? अशा नोंदी युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने मिळतात, पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरे तुटतात. रूपांतर झालेल्या नोंदींची मूळ दाखल नोंदवहीशी पडताळणी करणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते सुट्टीच्या काळात मराठी विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून ‘कमवा व शिका’ योजनेत करून घेता येईल.

युनिकोडमध्येही दोन ठिकाणी सावध राहावे लागते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; त्यापूर्वी लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत असत आणि अनेक कळफलकांवर अजूनही तसेच होते. ‘दऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’मधला र सुद्धा दोन पद्धतींनी टंकता येतो. दोन्ही रूपे पडद्यावर एकसारखी दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द असतात, म्हणून एका पद्धतीने भरलेले शीर्षक दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास हाती लागत नाही. ग्रंथालयाने कोणते रूप वापरायचे हे एकदा ठरवून, नोंदी भरणाऱ्या प्रत्येकाला इन्स्क्रिप्ट कळफलकाचा सराव द्यावा. लेखकांच्या नावांचेही तसेच आहे. आडनाव आधी की नाव आधी, टोपणनावाने लिहिणाऱ्या कवीची नोंद कोठे, हे नियम जुन्या तालिकापत्रांच्या काळात आपल्या ग्रंथपालांनी काटेकोरपणे पाळले होते, आणि संगणक आला म्हणून ते सोडण्याचे काहीच कारण नव्हते.

‘एन-लिस्ट’चे शुल्क महाविद्यालयासाठी फार नाही आणि त्याच्या बदल्यात सहा हजारांहून अधिक नियतकालिके व मोठा ग्रंथसंग्रह खुला होतो. तो वापरला जात नाही, कारण बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांची खातीच उघडलेली नसतात, फक्त शिक्षकांची असतात. प्रवेशाच्या वेळीच पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे ई-मेल घेऊन खाती उघडावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखाद्या शिक्षकाने प्रकल्पासाठी ‘या दोन लेखांचा आधार घ्या’ असे सांगितले पाहिजे. इंग्रजी लेखांनी बिचकणाऱ्या मुलांना खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि ‘शोधगंगा’ हा शोधप्रबंधांचा संग्रह दाखवावा. ‘शोधगंगा’वर मराठीतून लिहिलेले प्रबंधही आहेत, आणि आपल्याच विद्यापीठातील संशोधन आपल्या भाषेत वाचायला मिळाले की मुले तिथून पुढे जातात.

प्रश्न : महाविद्यालयाने १०० एमबीपीएसची जोडणी घेतली आहे, तरी वाय-फाय लागत नाही. कॉलेज फसवते आहे का? — एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष विज्ञान

उत्तर : बहुधा नाही. १०० एमबीपीएस ही संपूर्ण महाविद्यालयाची एकत्रित क्षमता आहे. एकाच वेळी पाचशे जण जोडले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ०.२ एमबीपीएस येते, आणि त्यात व्हिडिओ चालत नाही. दुसरे कारण भिंतींत असते. जाड दगडी भिंतींमधून वाय-फाय पुढे जात नाही, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग (चॅनेल) तीनच आहेत, १, ६ आणि ११. शेजारशेजारच्या खोल्यांत एकाच मार्गावर यंत्रे लावली की ती परस्परांना अडवतात. नेटवर्कची तांब्याची तार १०० मीटरपलीकडे भरवशाची नसते, त्यामुळे दूरच्या इमारतीला ऑप्टिकल फायबरच न्यावी लागते.

विद्यार्थी परिषदेमार्फत आपण तीन मागण्या कराव्यात : ग्रंथालय, संगणक कक्ष आणि एक वाचनकक्ष एवढ्या जागा आधी नीट कराव्यात, कामाच्या वेळेत मनोरंजनाच्या संकेतस्थळांना कमी प्राधान्य द्यावे, आणि शिक्षकांची ध्वनिचित्रे महाविद्यालयातल्याच सर्व्हरवर ठेवावीत, म्हणजे ती पाहताना बाहेरची जोडणी खर्च होत नाही. ‘मूडल’ ही अध्ययन साहित्य ऑनलाइन ठेवण्याची, २००२ पासून उपलब्ध असलेली मुक्त प्रणाली त्यासाठी पुरेशी आहे.

प्रश्न : माझ्या वर्गात एक पूर्ण दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. ती लॅपटॉप वापरते, पण आम्ही दिलेल्या नोट्स तिला वाचता येत नाहीत. आम्ही कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? — इतिहासाचे एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी वाचक प्रणाली तिच्याकडे आधीच असेल, ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आहे आणि मराठी मजकूर वाचते. अडचण आपल्या नोट्समध्ये आहे. हस्तलिखित किंवा छापील पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते, आणि चित्रातले शब्द वाचक प्रणालीला दिसत नाहीत. वर ग्रंथपालांना जे सांगितले ते इथेही लागू आहे : जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचक प्रणाली अर्थहीन रोमन अक्षरे म्हणून उच्चारते. मूळ युनिकोड फाईलच तिला द्यावी. मूळ फाईल नसेल तर ‘टेसरॅक्ट’सारख्या मुक्त साधनाने छापील मराठी पान मजकुरात बदलता येते, मात्र तारखा आणि विशेषनामे कोणीतरी तपासून द्यावीत, इतिहासात १७६१ चे १७६७ झाले तर मुलीचे नुकसान होईल. शीर्षके फक्त ठळक न करता शीर्षकाच्या (‘हेडिंग’च्या) शैलीत द्यावीत, म्हणजे तिला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर थेट जाता येते. नकाशाखाली दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहावे.

हे उपकाराचे काम नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने शिक्षण संस्थांवर सोपवलेली ही जबाबदारी आहे. तिला स्वतःला विचारावे, काय हवे हे तिला कोणाही तज्ज्ञाहून अधिक ठाऊक आहे.

प्रश्न : कार्यालयातील संगणक जुने आहेत, विंडोज १० वर चालतात. नवे मिळण्याची शक्यता नाही. विद्यार्थ्यांच्या आधारच्या प्रती, बँक खात्यांच्या याद्या व्हॉट्सॲप गटांवर मागवाव्या लागतात. हे धोक्याचे आहे असे मुलगा सांगतो. — एक कार्यालयीन अधीक्षक

उत्तर : आपला मुलगा योग्य सांगतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नव्याने सापडणाऱ्या त्रुटी त्यावर आपोआप दुरुस्त होत नाहीत. सर्व संगणक एकदम बदलण्याची गरज नाही. लेखा विभागाची प्रणाली विंडोजवरच चालत असेल तर एक-दोन नवे संगणक तिथे द्यावेत, आणि पत्रव्यवहार, संकेतस्थळांवर माहिती भरणे एवढेच काम असलेल्या संगणकांवर लिनक्स व लिब्रे ऑफिस बसवून घ्यावे. पहिले काही दिवस सहकारी कुरकुर करतील, म्हणून जून-जुलैच्या प्रवेशाच्या दिवसांत हे बदल करू नयेत, दिवाळीच्या सुट्टीत करावेत.

व्हॉट्सॲप गटावर टाकलेली यादी गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर उतरते आणि पुढे कोठे जाते यावर आपले नियंत्रण राहत नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अशी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेलाच तिच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार धरतो, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांची संमती अपेक्षितो. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालय असेल तर तिथली बहुतेक मुले यात येतात. शिष्यवृत्तीसाठी आधारची प्रत लागत असेल तर ती विद्यार्थ्याने थेट शासकीय प्रणालीवर द्यावी किंवा खिडकीवर दाखवावी. सूचनाफलकावर लावायच्या यादीत आधार आणि खाते क्रमांक असूच नयेत. विभागांनी मागवलेल्या याद्या सामायिक फोल्डरमध्ये, ठरावीक व्यक्तींनाच दिसतील अशा ठेवाव्यात.

आपण विचारले नाही, तरी माहितीच्या सुरक्षित प्रतींविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. जनरल रजिस्टर, शुल्क आणि निकाल यांच्या तीन प्रती असाव्यात : एक वापरातली, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इमारतीबाहेर. हार्ड डिस्क प्रत काढून झाली की संगणकापासून वेगळी करून कपाटात ठेवावी, कारण माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कवरही पसरतात. प्रत काढली जाते, पण ती उघडते का हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी पाहत नाही. दर सत्रात एकदा दुसऱ्या संगणकावर ती प्रत उतरवावी, कोणत्याही पाच विद्यार्थ्यांच्या नोंदी वहीशी ताडून पाहाव्यात, आणि त्या दिवसाची नोंद तारीख व सहीनिशी आवक-जावक नोंदवहीशेजारच्या एका स्वतंत्र वहीत करावी. ही सही आपली आणि प्राचार्यांची, दोघांची असावी.